फुंकर मारून पास केलेली नाकं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे व्यवस्थापक माननीय मोठे साहेब, मुख्य कार्यालयातून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, कामगार संघटनेचे अध्यक्ष, व्यासपीठावरील इतर मान्यवर, एकोणतीस वर्षं माझ्याबरोबर याच आवारातली हवा खाल्लेले माझे सर्व बंधू आणि भगिनी, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या सौभाग्यवती, ज्यांना आज माझं बोलणं मध्येच तोडता येणार नाही.

आपण सगळे जेवण आटोपून, पंख्याखालच्या जागा पकडून बसला आहात. अशा वेळी निवृत्त होणाऱ्या माणसानं थोडक्यात बोलावं, डोळ्यांच्या कडा पुसाव्यात आणि खाली बसावं, ही रीत मला माहीत आहे. चार पानांचं भाषण मी घरून लिहून आणलं होतं. सौभाग्यवतींनी ते तपासून दोन पानांचं केलं. ते खिशात आहे आणि खिशातच राहू दे.

मघाशी मानपत्र वाचलं गेलं. माझ्याबद्दल इतकं चांगलं माझ्या आईनंसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. त्यातल्या एका वाक्याला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या. 'चाचणीचा वायू उपलब्ध नसतानाही त्यांनी स्वतःच्या कल्पकतेने फुंकर पद्धत शोधून काढली आणि एक दिवसही काम थांबू दिले नाही.' मला त्या एका वाक्याबद्दलच बोलायचं आहे. साहेब, तुमची परवानगी मी गृहीत धरतो.

पाहुण्यांना माझं काम कदाचित माहीत नसेल. इथं मला डॉक्टर म्हणतात. नाकाचा डॉक्टर. समोर बसलेल्या प्रत्येकाच्या छातीवर ते पिवळं यंत्र लटकलेलं दिसतंय ना? वायू शोधणारं. इथं त्याला कुणी डिटेक्टर म्हणत नाही, नाक म्हणतात. 'माझं नाक बदलून द्या', 'माझं नाक वाजत नाही', अशा तक्रारी घेऊन माणसं माझ्या खिडकीशी येतात. अशी तीस नाकं माझ्या ताब्यात आहेत.

त्याच्या पोटात नाण्याएवढे चार सेन्सर असतात. एक ऑक्सिजन मोजतो, एक पेट घेणारा वायू हुंगतो, उरलेले दोन विषारी वायूंसाठी. प्रत्येकाचं आयुष्य ठरलेलं, तारीख कडेला छापलेली. तारीख सरली की चार स्क्रू काढायचे, झाकण उचलायचं, जुना सेन्सर चिमटीत धरून सरळ वर ओढायचा. पिळायचा नाही, पिना वाकतात. नवा बसवायचा, त्याला थोडा वेळ स्थिरावू द्यायचं, मोकळ्या हवेत आकडा शून्यावर आणायचा. आणि मग चाचणीच्या बाटलीतला वायू त्याला हुंगवायचा. हुंगून ओरडला तर माणसाच्या छातीवर. नाही ओरडला तर माझ्या टेबलावर. हे शेवटचं काम रोज सकाळी, पाळी सुरू होण्याआधी, प्रत्येक यंत्राला करायचं असतं. ही खिडकी हातात आल्यापासून पंचवीस वर्षं मी ते केलं. दाढी एखाद्या दिवशी चुकली असेल, हे कधी चुकलं नाही.

चार महिन्यांपूर्वी चाचणीची बाटली संपली. मागणीपत्र पाठवलं. पुन्हा पाठवलं. तिसऱ्यांदा पाठवलं तेव्हा खरेदी विभागातून फोन आला, 'डॉक्टर, बाटली आली की कळवू, रोज रोज काय लावलंय?' आता सकाळी सातला खिडकीसमोर सत्तावीस माणसं रांगेत उभी. नाक दिल्याशिवाय काम सुरू होत नाही आणि तपासल्याशिवाय नाक देता येत नाही. मी काय करायला हवं होतं? खिडकी बंद करायला हवी होती. मी काय केलं? एक यंत्र उचललं आणि त्यावर जोरात फुंकर मारली.

ते किंचाळलं! रांगेत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, 'डॉक्टर, जिवंत आहे की!' त्या दिवसापासून सगळ्या कारखान्यात तेच सुरू झालं. घेतलं यंत्र, मारली फुंकर, वाजलं, चला. फाटकावर रखवालदारसुद्धा विचारायला लागला, 'फुंकर मारली का?' मीही मिशीतल्या मिशीत हसायचो. माणसाला आपली युक्ती दुसऱ्यांच्या तोंडी ऐकायला फार गोड लागते.

कामगार संघटनेच्या अध्यक्षांना मी विनंती करतो, आपण जरा आपल्या नाकावर फुंकर मारा. मारा, लाजू नका. ऐकलंत? किती खणखणीत आवाज आहे! बघा, मागचेही मारायला लागले. वाजू द्या, वाजू द्या. हसा तुम्ही. मीही चार महिने हसत होतो.

आता दुसरी गोष्ट. या यंत्रांवर मळ बसतो. मागच्या वर्षी तपासणीला आलेले अधिकारी एक यंत्र दोन बोटांत धरून म्हणाले होते, 'हे काय, गटारातून काढलंय का?' मला ते लागलं. साहेबांच्या गाडीचे चालक माझे दोस्त. बाटली संपली त्याच सुमारास त्यांनी मला गाडीच्या डॅशबोर्डला चमक आणणारा फवारा दिला. 'डॉक्टर, एकदा मारा आणि गंमत बघा.' खरंच गंमत होती. दर शनिवारी मी तिसातली सत्तावीस यंत्रं ओळीत मांडायचो, फवारा मारायचो, मऊ कापडानं पुसायचो. नव्या नवरीसारखी दिसायची. उरलेली तीन जादाची म्हणून बंद खोक्यात ठेवलेली, त्यांना कोण बघतंय, म्हणून ती राहिली.

साहेब घड्याळ बघताहेत. साहेब, पावणेदोन झाले, मलाही दिसतंय. टाकीचं काम तीनला आहे. म्हणूनच बोलतोय.

काल दुपारी पाच नंबरच्या टाकीत दोघं जण पाहणीला उतरले होते. टाकी रिकामी केलेली, दोनदा धुतलेली. दहा मिनिटांत वर आले. एकाचं डोकं दुखत होतं, दुसरा शिडीवर पाय ठेवताना चुकला. मी सहज विचारलं, 'काय रे, काय झालं?' म्हणाला, 'काही नाही डॉक्टर, आत जरा गोडसर वास होता. पण नाक शून्य दाखवत होतं.' मी विचारलं, 'तुला वास आला ना?' तो म्हणाला, 'आला की. पण तुम्हीच शिकवलंय ना, आपल्या नाकावर विश्वास ठेवू नका, यंत्रावर ठेवा.'

मीच शिकवलंय. नव्यानं कामाला लागलेल्या प्रत्येकाला मी ते वाक्य शिकवलंय. रात्रभर ते माझ्या कानात वाजत होतं.

आज सकाळी, माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, खरेदी विभागातून निरोप आला, बाटली आली. ही बघा, माझ्या पिशवीत आहे. हिच्यात पेट घेणारा वायू आहे, अगदी मोजका, घाबरू नका. सकाळी सातला यंत्रं देऊन झाल्यावर मी कालच्या त्या माणसाचं यंत्र परत मागवलं आणि त्याला हा वायू हुंगवला. आकडा शून्य. मला वाटलं नळी सुटली. नळी बदलली. शून्य. दुसऱ्या एकाचं मागवलं. शून्य. अशी एकूण पाच मागवली, पाचही शून्य. मग त्या बंद खोक्यातलं एक काढलं. नळी लावली आणि ते असं ओरडलं की माझ्या हातातून पडता पडता राहिलं.

उगाच ऐकून घेऊ नका, डोळ्यांनी बघा. संघटनेचे अध्यक्ष, आपलं यंत्र द्या. आत्ता ओरडलेलंच ना हे? ही टोपी बसवली. ही नळी. हा वायू सोडला. आता आपणच आकडा वाचा. मोठ्यानं वाचा.

शून्य.

अजून थांबू. अजून शून्यच? आणि हे खोक्यातलं. हीच नळी, हाच वायू... हां. कान झाकू नका. हा आवाज तुमच्या छातीवरच्या यंत्रातून यायला हवा होता आणि तो कित्येक महिने येऊ शकत नव्हता.

आता कुणी हसत नाही, हे बरं झालं.

कारण सांगतो. आपण सोडलेल्या श्वासात ऑक्सिजन कमी असतो. फुंकर मारली की ऑक्सिजनचा सेन्सर बोंबलतो. तो स्वभावानंच भांडकुदळ आहे, मरायला टेकला तरी बोंबलून मरतो. पण शेजारी बसलेला, पेट घेणारा वायू हुंगणारा, त्याला तुमच्या फुंकरीशी काही देणंघेणं नाही. त्याच्या आत तापलेल्या तारेवर एक बारीकसा मणी असतो. वायू त्या मण्यावर जळतो, त्यावरून आकडा येतो. चमक आणणाऱ्या फवाऱ्यात सिलिकॉन असतं. त्याचा थर मण्यावर बसला की मणी कायमचा मेला. आणि मेला की तो शून्य दाखवतो. जिवंत मणीसुद्धा स्वच्छ हवेत शून्यच दाखवतो. दोन्ही शून्यं सारखीच दिसतात. डब्यावरची बारीक अक्षरं आज मी भिंगानं वाचली. यंत्राच्या पुस्तिकेत तर अख्खी चौकट आहे, पॉलिश वापरू नये म्हणून. त्या पानावर माझ्या चहाच्या कपाचा गोल डाग आहे.

म्हणजे बंधूंनो, यंत्रं मीच मारली. दर शनिवारी, प्रेमानं, मऊ कापडानं. आणि ती मेली हे कळण्याचा जो एक मार्ग होता, तोही मीच फुंकर मारून बंद केला. बाटली नाही आली म्हणून खरेदी विभागाकडे बोट दाखवता येईल. मी दाखवणार नाही. खिडकी माझी होती.

सकाळी दहाला मी साहेबांच्या खोलीत जाऊन हे सांगितलं. साहेब, मी इथं तुमची तक्रार करत नाही. तुम्ही मला खुर्ची दिलीत, पाणी दिलंत. म्हणालात, 'डॉक्टर, टाकी दोनदा धुतली आहे. आत उतरायच्या परवान्यावर सही झालीय. नवा माल संध्याकाळी सहाला येतोय. आज तुमचा दिवस आहे, पाहुणे आलेत, कार्यक्रम होऊ दे, मग शांतपणे बसू.' आणि मी काय म्हणालो? 'हो साहेब.' एकोणतीस वर्षांची सवय, जीभ आपोआप वळली. बाहेर आल्यावर मनाला समजावलं, टाकीवर जाणारे पाचही जण कार्यक्रमाला येणार आहेत, कार्यक्रम अडीचला संपेल, तोवर कोण उतरतंय?

अजून एक कबुली द्यायची आहे. या पाचांचा प्रमुख वेल्डर म्हणजे माझा मेहुणा. माझ्या मुलांचा मामा, म्हणून सगळ्या कारखान्याचा मामा. आज टाकीतले जुने लोखंडी कंस तोच कापणार आहे. जिथं तो वायू साठलाय, तिथं तो ठिणग्या पाडणार आहे. सकाळी साडेदहाला तो मला जिन्यात भेटला. नवा शर्ट घातला होता. म्हणाला, 'भावजी, आज भाषणात माझं नाव घ्या हं, ताई ऐकायला आहे.' तेव्हाच सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी सांगितलं नाही. लाज वाटली. त्याच्या दृष्टीनं मी घरातला एकमेव हुशार माणूस आहे, आणि मला ते जिन्यातलं एक मिनिट तसंच हवं होतं. कार्यक्रम झाल्यावर बाजूला घेऊन सांगू, असं ठरवलं आणि त्याच्या खांद्यावर थाप मारली.

मग मानपत्र वाचलं गेलं आणि फुंकर पद्धतीला टाळ्या पडल्या. मला ते सहन झालं नाही. हे मानपत्र मी इथं टेबलावर ठेवतो. ते माझं नाही. साहेब, मला क्षमा करा, आणि पाहुण्यांसमोर मी हात जोडून सांगतो, टाकीचा परवाना आत्ता, याच टेबलावर रद्द करा. माल सहाला येईल, नाहीतर उद्या येईल.

आणि समोर बसलेल्यांनी ही यंत्रं काढून इथं आणून ठेवा. कुणीही फुंकर मारून बघू नका. आधी पाच नंबरवाले या. पाचही जण कृपया उभे राहा, म्हणजे माझ्या जिवात जीव येईल.

एक. दोन. फिटर, तुम्ही तीन. मदतनीस चार.

मामा कुठाय?

मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही. कधी गेला? मानपत्र वाचून झाल्यावर? भाषण संपून फोटो व्हायच्या आत एक कंस कापून येतो म्हणाला? नव्या शर्टावर कामाचा डगला चढवून? आणि त्याच्या छातीवर कुठलं नाक... हो. मीच दिलंय. सकाळी. त्यानं माझ्यासमोर फुंकर मारली होती.

इलेक्ट्रिशियन! दाराशी उभे आहात ना, तुम्ही पळा. मेन स्विच. यार्डाची पूर्ण लाइन खाली ओढा, विचारत बसू नका. वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडर त्याच लाइनवर आहेत. हे सभागृहही त्याच लाइनवर आहे. तुम्ही स्विच ओढलात की हा माइक बंद पडेल, म्हणजे आम्हाला कळेल. पळा!

रखवालदार, वॉकीटॉकीवर त्याला हाक मारत राहा. 'काही करू नको, हातातलं खाली ठेव, शिडीनं वर ये,' एवढंच. उत्तर येवो न येवो, थांबू नका. साहेब, भोंगा वाजवायला सांगा. अग्निशमनवाले, श्वासाच्या टाक्या पाठीवर बांधा, आणि स्विच पडल्याशिवाय तुम्हीही यार्डात पाऊल टाकायचं नाही.

बाकी सगळे खाली बसा. खाली बसा म्हणतो ना! फिटर, दारातून मागे या. तुमचा जीव त्याच्यात अडकलाय, मला माहीत आहे. एक माणूस टाकीत पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दुसऱ्याला काढायला तिसरा. हे मी तुम्हाला शिकवलंय. ते तरी मी बरोबर शिकवलंय, एवढा विश्वास माझ्यावर ठेवा. मी इथून हलत नाही ते याचसाठी. मी हललो की तुम्ही सगळे माझ्यामागे धावाल.

अगं, तूही बस. माझ्याकडे अशी बघू नकोस. मी उतरणार नाही. तुझा भाऊ असला तरी उतरणार नाही. तू मला नंतर काय म्हणायचं ते म्हण, आयुष्यभर म्हण.

दोनशे पावलं आहेत स्विचच्या खोलीपर्यंत. पोहोचले असतील.

कार्यक्रमाचा शेवट राहिला आहे. वीज गेल्यावर माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचणार नाही, म्हणून आत्ताच बोलतो. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, हारतुरे आणणाऱ्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे आभार. माझ्या खिडकीसमोर रोज सकाळी रांगेत उभं राहून, मी हातात देईन ते यंत्र बिनधास्त छातीला लावणाऱ्या सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, अशी विनंती शेवटी करायची असते. बोलण्यातलं घाला. खिडकीतलं घालू नका. त्याची माफी मला फक्त एकच माणूस देऊ शकतो, आणि त्यानं वर येऊन ती द्यावी, नाहीतर शिव्या द्याव्यात, मला दोन्ही चालेल.

वॉकीटॉकीवर काही आलं?

नाही?

माइक अजून चालूच आहे.